फाइलचा लांबलेला पत्ता





ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौसर या तहसिली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळ्या होऊन पांढुर्णा जिल्हा झाला आणि आपल्या सर्वांच्या पत्त्यातील एक ओळ बदलली. शाळेचे शिक्के बदलले, लेटरहेड बदलले. त्याच उत्साहात आम्ही नव्या संगणकातही नवा संसार मांडला.

जुन्या संगणकात दाखल-खारीज रजिस्टरच्या पानांची स्कॅन केलेली चित्रे होती. ती नव्या संगणकाच्या डेस्कटॉपवर आणण्यासाठी आम्ही एक फोल्डर केला. नाव दिले, ‘जिल्हा पांढुर्णा (पूर्वीचा जिल्हा छिंदवाडा)’. त्याच्या पोटात ‘विद्यालयीन अभिलेख संधारण’, त्याच्या पोटात जुने सारे फोल्डर: सत्र, वर्ग, तुकडी. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झालेले, त्यामुळे कार्यालयीन थाटाची लांब नावे आम्हाला भारी वाटतात.

कॉपी होत असताना पडद्यावर सूचना आली की काही फाइलींची नावे या जागेसाठी फार लांब होत आहेत. शेजारीच ‘स्किप’चे बटण होते. आम्ही घाईत होतो. सूचना पुन्हा येऊ नये म्हणून सर्वच फाइलींसाठी ते दाबून टाकले आणि काम झाले असे समजून घरी गेलो.

काही महिन्यांनी एक माजी विद्यार्थी आले. मुलाच्या जातीच्या दाखल्यासाठी त्यांना स्वतःच्या शाळाप्रवेशाची नोंद हवी होती. मूळ रजिस्टरचे ते पान ओल लागून पुसट झालेले. नव्या संगणकात त्यांच्या वर्गाचा फोल्डर सापडला, पण पान नव्हते. जुना संगणक भंगारात द्यायचे ठरले होते. नशिबाने तो अजून स्टोअरच्या खोलीत पडून होता. आमच्या संगणक शिक्षकांनी तो सुरू केला आणि पान मिळाले. तोवर ते गृहस्थ तीन तास बाकावर बसून होते. त्यांनी एक शब्द बोलून दाखवला नाही, म्हणून आम्हाला जास्तच लाजल्यासारखे झाले.

मग आम्ही विद्यार्थ्यासारखे बसून कारण समजून घेतले. विंडोजमध्ये फाइलचे नाव म्हणजे नुसते नाव नसते. पाकिटावर जसे मु. पो., तहसील, जिल्हा असे सारे लिहावे लागते, तसा ड्राइव्हपासून फाइलपर्यंतचा पूर्ण पत्ता असतो. जुन्या नियमाप्रमाणे त्या पत्त्याला २६० जागा मिळतात. त्यातली शेवटची जागा ‘पत्ता संपला’ या खुणेसाठी राखीव, म्हणजे आपल्या हाती २५९. आमच्या संगणकावर ‘सी ड्राइव्ह, यूझर्स, प्रिन्सिपल, डेस्कटॉप’ एवढ्यातच २७ खर्च झाल्या होत्या.

देवनागरीची गंमत याहून मोठी. ‘पांढुर्णा’ डोळ्यांना तीन अक्षरी दिसते, पण संगणक काना, अनुस्वार, उकार, हलन्त सारे वेगवेगळे मोजतो आणि नऊ म्हणतो. ‘सौसर’ही तीन अक्षरी, पण त्याचे फक्त चार होतात! जिल्ह्याच्या नावाचा आमचा तो हौशी फोल्डर एकटाच ४३ जागा खाऊन बसला होता.

विद्यार्थी मित्रांनो, यावर उपाय आहेत. २०१६ च्या विंडोज १० सुधारणेपासून लांब पत्त्यांना परवानगी देणारी सेटिंग मिळाली आहे. मात्र ती आपल्याला चालू करावी लागते आणि प्रत्येक प्रोग्राम ती मानेलच असे नाही. ‘सब्स्ट’ या आज्ञेने खोल फोल्डरला तात्पुरते ड्राइव्हचे अक्षर देता येते, म्हणजे पत्ता तिथूनच सुरू होतो. ‘रोबोकॉपी’ ही आज्ञा लांब पत्त्याच्या फाइलीही उचलते. आमची राहिलेली पाने तिनेच आणली.

परंतु खरा उपाय घरगुतीच आहे. आता सारे अभिलेख डी ड्राइव्हवर, वरच्याच पातळीला आहेत. फोल्डरची नावे आखूड, आणि कोणत्या नावात काय आहे याची पूर्ण यादी एका वहीत. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या ताडून पाहिल्याशिवाय जुने काही काढायचे नाही, असा नियमही केला आहे. विश्वस्त मंडळींनी ती वही अवश्य पाहावी.

आम्ही वर्गात नेहमी सांगतो की प्रश्नपत्रिका पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका. पडद्यावरची सूचना मात्र आम्ही स्वतःच वाचली नाही. त्या माजी विद्यार्थ्याची आम्ही तेव्हा क्षमा मागितली होती, आज या पानावरून पुन्हा मागतो. ज्यांना आपल्या जुन्या नोंदी तपासायच्या असतील त्यांनी शाळेच्या वेळात जरूर यावे.

आपला,
प्राचार्य