ओसरीचं देणं

माणसाच्या विद्येत कुणाकुणाचा वाटा असतो, ते पदवीच्या कागदावर लिहिलेलं नसतं. मी वास्तुरचनाकार आहे. म्हातारी माणसं आणि शिकणारी मुलं एकाच इमारतीत, थोड्या जागेत, तरीही सुखानं कशी राहतील हा माझ्या कामाचा मुख्य विषय. त्याचं पहिलं शिक्षण मला खामगावच्या एका जुन्या वाड्यात मिळालं. ज्यांनी ते दिलं त्यांना आपण कुणाला काही शिकवतो आहोत याची कल्पनाही नव्हती. म्हणून ते देणं मीच लिहून ठेवतो आहे.

खामगाव कापसानं वाढवलं. जलंबहून इथवर रेल्वेचा फाटा आला तो १८७० साली, आणि आला तो कापसासाठीच. जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांनी गावाला मजूर दिले, मजुरांनी फैल म्हणजे वस्त्या वसवल्या, व्यापाऱ्यांनी वाडे बांधले. पुढे चांदीनं नाव मिळवून दिलं. जिल्ह्याचं ठिकाण बुलडाणा असलं तरी जिल्ह्यातलं मोठं शहर खामगावच. २०११ च्या जनगणनेत इथली वस्ती ९४ हजारांच्या आसपास होती. संग्रामपूर, नांदुरा, जळगाव जामोदकडच्या खेड्यांतली मुलं कॉलेजसाठी, आयटीआयसाठी, क्लाससाठी इथं येतात. आणि इथली मुलं शिकून पुण्या-मुंबईला जातात, ती सणावारालाच परततात. त्यामुळे एकीकडे मोठ्या घरात एकटी उरलेली म्हातारी माणसं आणि दुसरीकडे खोलीसाठी वणवण फिरणारी पोरं, असं चित्र या गावात कायमचं आहे.

मी त्या पोरांपैकीच एक. संग्रामपूर तालुक्यातल्या खेड्यातून अकरावीला आलो आणि फरशी भागाच्या मागच्या एका गल्लीत खोली मिळाली. वाडा धाब्याचा, जाड मातीच्या भिंतींचा. मधे चौक, चौकाभोवती ओसरी, ओसरीवर उघडणाऱ्या खोल्या. तीन खोल्यांत आम्ही विद्यार्थी, एका खोलीत कामातून थकलेले गवंडी मिस्त्री, आणि आतल्या माजघरात घरमालकीण आजी. त्यांचे दोन्ही मुलगे पुण्यात. नळ एक, न्हाणी एक, आणि माणसं भरपूर. आज मी ज्याला दाट वस्ती म्हणतो ती मी आधी जगलो आणि मग तिचा अभ्यास केला.

पहिल्याच आठवड्यात आजींनी माझ्या खिडकीपाशी येऊन सांगितलं, "रातभर जागतं त जाग पोरा, पण खिडकी लावू नको. तुह्या दिव्याचा उजेड माह्या पायापाशी पडते, मंग मले भेव नाही लागत." मी रात्री दोनपर्यंत वाचायचो. आजी चारला उठायच्या आणि वाती वळत बसायच्या. म्हणजे त्या ओसरीवर जवळजवळ चोवीस तास कुणीतरी जागं असायचं. म्हाताऱ्यांची झोप पातळ आणि विद्यार्थ्यांची उशिराची. या दोन गोष्टी वेगवेगळ्या इमारतींत ठेवल्या तर दोघांनाही त्रासाच्या, एका ओसरीवर ठेवल्या तर दोघांनाही आधाराच्या. हे मला कुठल्याही पुस्तकाच्या आधी आजींनी शिकवलं.

भाड्यात त्यांनी कधी सूट दिली नाही, आणि ते मला आज योग्य वाटतं. त्या भाड्यावर त्यांचं औषधपाणी चालायचं आणि मुलांपुढे हात पसरावा लागत नव्हता. पण महिनाअखेरीला मेसचे पैसे संपले की ताटात ज्वारीची भाकर आणि वरण असायचं, तेही मागण्याआधी. आम्ही पाणी भरायचो, पुण्याहून आलेली पत्रं वाचून दाखवायचो, बँकेत सोबत जायचो. कुणी कुणावर उपकार करतो आहे असं कुणालाच वाटत नव्हतं.

एका पावसाळ्यात पहाटे आजी न्हाणीत घसरल्या. शेजारच्या खोलीतला मुलगा परीक्षेसाठी जागा होता म्हणून आवाज ऐकू आला. पण दार आत उघडणारं, आणि आजी नेमक्या दाराशी आडव्या. ढकलावं तर त्यांनाच लागणार. मिस्त्री उठून आले, बिजागऱ्या खोलून त्यांनी दार काढलं आणि आम्ही आजींना उचलून ओसरीवर आणलं. मांडीचं हाड वाचलं होतं. आठवडाभरात मिस्त्रींनी स्वतःच्या हातानं ते दार बाहेर उघडेल असं बसवलं, न्हाणीची गुळगुळीत फरशी काढून खरबरीत शहाबादी घातली आणि भिंतीत कमरेच्या उंचीवर लोखंडी गज पक्का केला. चौकाच्या उंच पायरीच्याही त्यांनी दोन पायऱ्या केल्या. मी माप विचारलं तेव्हा म्हणाले, "पायरी बांधाची त गुडघ्याले इचारून बांधाव."

पुढे आर्किटेक्चरला गेल्यावर हेच सगळं आकड्यांत भेटलं. थकलेल्या गुडघ्यांसाठी पायरीची उंची १५ सेंटिमीटरच्या आसपास आणि पाऊल ठेवायला ३० सेंटिमीटर जागा. उताराचा चढ बारास एक. चाकाची खुर्ची वळायला दीड मीटरचं वर्तुळ. न्हाणीघराचं दार बाहेर उघडणारं. वर्गात हे पाठ करावं लागायचं. मला ते पाठ करावं लागलं नाही.

आमच्या एका सरांचंही माझ्यावर ऋण आहे. त्यांनी आम्हाला अहमदाबादला नेऊन बाळकृष्ण दोशींनी १९७३ मध्ये उभी केलेली आयुर्विमा महामंडळाची वसाहत दाखवली. दोशी जन्मानं पुण्याचे. २०१८ मध्ये प्रित्झकर पारितोषिक मिळवणारे पहिले भारतीय. या वसाहतीत त्यांनी मोठं घर तळाला, त्याहून लहान त्यावर आणि सर्वांत लहान माथ्यावर ठेवलं, वेगवेगळ्या ऐपतीच्या कुटुंबांना एकाच जिन्याला जोडलं आणि गच्च्या व जिने असे सोडले की घर पुढे वाढू शकेल. लोकांनी खरोखरच घरं वाढवली. एकाच कुटुंबाच्या पिढ्या तिथं राहिल्या. जिन्यावर उभा राहून मला खामगावची ओसरी आठवली. मजले चढवले तरी ओसरी हरवायलाच हवी असं नाही, हे मी त्या दिवशी पाहिलं.

म्हातारी माणसं आणि शिकणारी मुलं एकत्र ठेवण्याचा विचार जगातही रुजतो आहे. नेदरलँड्समधल्या देव्हेंटर गावी ह्युमॅनिटास नावाच्या वृद्धनिवासात २०१२ पासून काही विद्यार्थी बिनभाड्यानं राहतात. महिन्याला तीस तास चांगला शेजारी म्हणून वागायचं, एवढीच अट. स्पेनमधल्या आलिकांते शहराच्या पालिकेनं तर भरवस्तीत ७२ घरांची इमारतच अशी बांधली, की बहुतेक घरं ज्येष्ठांना आणि उरलेली तरुणांना कमी भाड्यानं. तरुणांनी आठवड्यातले काही तास शेजारच्या आजी-आजोबांसाठी द्यायचे. तिथं हे करारावर लिहावं लागलं. आमच्या वाड्यात ते रिवाजानं चालत होतं. पण वाडे पडले, रिवाजही क्षीण झाला, तेव्हा आपणही ते आराखड्यात आणि करारात लिहिलं पाहिजे.

मी ते असं लिहितो. विद्यार्थ्यांची एक विंग आणि ज्येष्ठांची दुसरी, अशी वाटणी मी करत नाही. एकाच मजल्यावर, एकाच रुंद गॅलरीवर दोघांची दारं ठेवतो. गॅलरी उत्तरेला किंवा पूर्वेला, कारण खामगावचा मे महिना पश्चिमेच्या भिंतीला भट्टी करून सोडतो. प्रत्येक घराची एक खिडकी गॅलरीकडे, म्हणजे एकाचा दिवा दुसऱ्याच्या वाटेवर पडतो. दारासमोर बसण्यापुरता ओटा. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावलं पाहिजे आणि वीज गेली तरी ती चालली पाहिजे. अभ्यासिका गच्चीवर, उन्हाळ्यातल्या रात्री तिथंच वारा असतो. दवाखान्याची खोली आणि मेस तळमजल्यावर, एकाच स्वयंपाकघरातून दोघांचं जेवण. भिंती मात्र आवाज अडवतील अशा जाड, कारण सोबत हवी म्हणून एकांत हिरावून घेणं बरोबर नाही.

बांधकाम करणारे विचारतात, ओट्याला आणि रुंद गॅलरीला किती चौरस फूट वाया घालवायचे? मी त्यांना सांगतो, दाटीनं माणूस खचत नाही. पडल्यावर हाक ऐकायला कुणी नसलं की खचतो. ते चौरस फूट त्या हाकेसाठी आहेत.

मी कॉलेजात शिकत असतानाच आजी गेल्या. मिस्त्रीही पुढे गेले, आणि वाड्याच्या जागी आता दुकानं आहेत. आजींना भाडं पूर्ण दिलं होतं, पण भाकरीचं, पहाटे उठवण्याचं आणि मिस्त्रींच्या त्या गजाचं देणं बाकीच आहे. ते मूळ सावकाराला परत करता येत नाही, पुढच्यालाच द्यावं लागतं.

म्हणून एक विनंती. खामगावात, किंवा अशा कुठल्याही तालुक्याच्या गावात, तुमच्या आई-वडिलांच्या घरातली एखादी खोली बंद असेल तर ती खेड्यातून आलेल्या एका मुलाला किंवा मुलीला भाड्यानं द्या. भाडं रीतसर घ्या, करार करा, आणि न्हाणीघराचं दार बाहेर उघडेल असं आजच बसवून घ्या. नवी इमारत उभी राहायला वर्षं लागतील; यासाठी एक दिवस पुरतो.