माग थांबले तेव्हा

अमावास्येला आमच्या घरचे माग बंद असतात. वाडवडिलांपासूनची रीत. एरवी बेळगावातल्या वडगावच्या आमच्या गल्लीत सकाळपासून रात्री नऊपर्यंत धोट्याचा असा खडखडाट चालतो, की आलेला पाहुणा आपोआप आवाज चढवून बोलतो आणि आपल्या घरी गेल्यावरही अर्धा तास ओरडतच राहतो. आम्हाला मात्र तो ऐकू येत नाही. ऐकू येतं ते माग थांबल्यावर.

गेल्या वर्षी चैत्र अमावास्येच्या रात्री आई पाणी प्यायला उठली आणि तिनं मला हाक मारली.

"अरे, हा फ्रीज थांबंना झालाय बघ."

माजघरात जाऊन उभा राहिलो. फ्रीज घुमत होता. स्टूल घेऊन बसलो, घड्याळ बघितलं. पाऊण तास झाला, एक तास झाला, कॉम्प्रेसर काही कट होईना. किती दिवस हे असंच चाललं होतं, देव जाणे. दिवसा मागांनी तो आवाज झाकून टाकलेला, रात्री पंख्यांनी. त्या आठवड्यात दोनदा दूध फाटलं होतं आणि दोन्ही वेळा शिव्या दूधवाल्यानं खाल्ल्या होत्या.

घराची रचना सांगायला हवी. विणकराचं घर, लांबट. पुढं सोपा, मधे माजघर, मागं स्वयंपाकघर, आणि माजघराला लागून पत्र्याची शेड. शेडमध्ये चार माग. फ्रीज ठेवला होता माजघरात, शेडच्या भिंतीला चिकटवून, एका बाजूला कपाट आणि दुसऱ्या बाजूला कोपरा. ही जागा कुणी विचार करून ठरवली नव्हती. सोप्यात बसलेल्या माणसाला फ्रीज दिसला पाहिजे, एवढाच हिशेब. १९५८ साली गोदरेजनं देशी फ्रीज बाजारात आणला, पण आमच्यासारख्या घरांपर्यंत पोचायला त्याला बरीच दशकं लागली. आणि इतकी वाट बघून आलेली वस्तू स्वयंपाकघराच्या अंधारात कोण ढकलणार? वर स्टॅबिलायझर, त्यावर प्लास्टिकची फुलं. आणि हा फ्रीज नवा आल्यावर आईनं त्याला एका जुन्या इरकल साडीचं कव्हर शिवलं. नुसतं डोक्यावरचं नव्हे, दोन्ही अंगांनी गुडघ्यापर्यंत लोंबणारं, खाली काठ. खरंच देखणं होतं.

पहिला मेकॅनिक आला, त्यानं दार उघडून हात आत घातला आणि निदान केलं. "गॅस गेलाय. भरायला लागतंय." कुठलं दुकान ते सांगत नाही, पण आकडा ऐकून आईनं त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं. तिचा प्रश्न साधा होता: गॅस गेला असेल तर बर्फ कसा धरतो? प्रश्न अगदी रास्त होता. फ्रीजमधला गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो, आत उकळून वाफ होतो, बाहेर दाबाखाली पुन्हा द्रव होतो. नळी कुठं फुटली तरच तो जातो.

दुसरा मिस्त्री वयस्कर होता, खासबागेतून सायकलवर आला. त्यानं दार उघडलंच नाही. आधी कव्हर उचललं, फ्रीजच्या कुशीला तळहात लावला आणि चटकन काढला.

"वहिनी, हात लावा हितं."

आईनं लावला. तव्याइतका नाही, पण तापलेल्या पितळी तांब्याइतका गरम.

"ह्येला मागं जाळी नाही म्हणून तुम्ही भिंतीला टेकवून ठेवलाय, नव्हं? जाळी हाय की. पत्र्याच्या आत हाय, दोन्ही अंगाला. तिच्यावर तुम्ही साडी नेसवलाय."

जुन्या फ्रीजच्या पाठीवर काळी जाळी असायची, धुळीनं माखलेली, आणि तिच्यामुळंच माणसं फ्रीज भिंतीपासून जरा लांब ठेवायची. पुष्कळ नव्या फ्रीजमध्ये त्याच नळ्या बाजूच्या पत्र्यामागं चिकटवलेल्या असतात. दिसायला गुळगुळीत. दिसत नाही म्हटल्यावर नाहीच, असं आम्ही धरून चाललो.

मिस्त्रीचं पुढचं बोलणं मला अजून आठवतं. फ्रीज थंडी तयार करत नाही, तो आतली उष्णता उपसून बाहेर टाकतो. विहीर उपसताना पाणी काठावरच ओतलं तर ते झिरपून परत आत येतं, तसं तुमचं चाललंय. "पंप चांगला हाय. पाणी ओतायला जागा नाही."

त्याला चहाबरोबर कुंदाही मिळाला.

मिस्त्री गेल्यावर मी थर्मामीटर घेऊन घरभर फिरलो. दुपारी अंगणात सावलीला ३५ अंश. फ्रीजच्या कोपऱ्यात ४०. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंचावर आहे, इथली हवा थंड म्हणून बाहेरचे लोक आमचा हेवा करतात. पण पत्र्याच्या शेडला कुणी हे सांगितलेलं नसतं.

आता थोडा हिशेब. फ्रीजच्या आत ५ अंश हवेत. खोली २५ अंशांवर असेल तर आतबाहेरचा फरक २० अंशांचा. कोपरा ४० वर गेला की फरक ३५. भिंतींतून आणि दाराच्या रबरातून आत झिरपणारी उष्णता या फरकाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे पावणेदोनपट. गोष्ट इथंच संपत नाही. नळ्यांतला गॅस आपली उष्णता हवेला देतो ती हवेपेक्षा तो जास्त गरम असतो म्हणून. हवाच ४० अंश असेल तर गॅसला त्याच्याही वर, पन्नासच्या पुढं तापावं लागतं, आणि त्यासाठी कॉम्प्रेसरला तो जास्त दाबानं दाबावा लागतो. काम वाढतं आणि प्रत्येक कामाची किंमतही वाढते. दारावरचे तारे या कामी उपयोगाचे नाहीत. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची ही ताऱ्यांची पट्टी २००६ पासून आपल्याकडं आली, तिच्यावर वर्षाला किती युनिट लागतील ते छापलेलं असतं. पण तो आकडा प्रयोगशाळेतल्या ठरावीक तापमानाचा. त्यात माग नसतात, इरकलही नसते.

आईचं म्हणणं उलटं होतं. या फ्रीजमुळंच माजघर तापतं, असं ती दोन उन्हाळे म्हणत होती. तेही तपासून बघितलं. फ्रीज जेवढी वीज खातो तेवढी सगळी शेवटी खोलीत उष्णता होऊन पडते. आतून उपसलेली उष्णता मुळात खोलीतूनच आत गेलेली असते, तिची फिट्टंफाट होते. आमच्यासारखा लहान, एका दाराचा फ्रीज वर्षाला दोनशे युनिट धरला तर सरासरी तेवीस वॅट होतात. अडचणीत सापडून दुप्पट खात असला तरी पन्नासच्या आत. नुसता बसलेला माणूस शंभरेक वॅट उष्णता टाकतो. म्हणजे माजघरात गप्पा मारायला आलेली शेजारीण दोन फ्रीजइतकी खोली तापवते! हे मी आईला बोललो आणि पस्तावलो. ते वाक्य शेजारी पोचलं.

खरे गुन्हेगार भिंतीपलीकडं होते. एकेका मागाला अर्ध्या अश्वशक्तीची मोटर म्हटली तरी चार मागांचे दीड हजार वॅट होतात, आणि कापड विणून झाल्यावर ती वीज उष्णता होऊन शेडमध्येच राहते. वर पत्रा. ती भिंत रात्री अकरालासुद्धा हाताला कोमट लागायची. फ्रीज खोलीला तापवत होता तो आपल्या कोपऱ्यापुरता. खोली मात्र फ्रीजला पुरी भाजून काढत होती.

त्याच दिवसांत धाकटा पुतण्या दुपारी फ्रीजचं दार सताड उघडून त्याच्यापुढं पुस्तक घेऊन बसलेला सापडला. चेहऱ्याला गार लागतं हे खरं. पण दारातून जेवढा गारवा बाहेर येतो तेवढीच उष्णता कुशीतून परत खोलीत, आणि वर कॉम्प्रेसरची वीज. खोली थंड व्हायची सोडून तापत जाते. हे त्याला समजावून सांगितलं. त्यानं विचारलं, "मग एसी कसा करतोय?" एसीची कूस भिंतीबाहेर लटकत असते, म्हटलं. तो लगेच फ्रीजही भिंतीत बसवायच्या गोष्टी करू लागला, तेव्हा विषय आटोपता घेतला.

भिंत काही फोडली नाही, फ्रीज तेवढा हलवला. स्वयंपाकघरात, गॅसच्या शेगडीपासून लांब, खिडकीतलं ऊन पोचत नाही अशा भिंतीला. मागं एक वीत, दोन्ही अंगांना चार-चार बोटं मोकळी. मिस्त्रीनं सांगितल्याप्रमाणं दारात दहाची नोट धरून दार लावलं आणि नोट ओढून बघितली. तीन बाजूंना घट्ट बसली, खालच्या कोपऱ्यात अलगद निसटली. तिथलं रबर गरम पाण्यानं धुऊन, दाबून सरळ केलं. वैशाख अमावास्येला पुन्हा स्टूल टाकून बसलो. वीसेक मिनिटं चालला, टक् झालं, आणि घर इतकं शांत झालं की भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू आला. अर्थात त्या आठवड्यात वळीव दोनदा पडून गेला होता, त्यामुळं सगळं श्रेय आपल्या शहाणपणाला देता येत नाही.

सोप्यातून फ्रीज दिसेनासा झाला याचं आईला महिनाभर वाईट वाटत होतं.

पावसाळा आला तसं दुसरंच सुरू झालं. आमच्याकडं खानापूरच्या मातीचा माठ आहे. एप्रिलमध्ये त्याचं पाणी फ्रीजच्या पाण्याला मागं सारतं, कारण कोरडी हवा त्याच्या अंगावरचं पाणी उडवून नेते आणि जाताना उष्णताही नेते. आषाढात हवाच भिजलेली, पाणी उडणार कुठं? माठ नुसता ओला बसून राहतो. फ्रीजचं दुखणं याच्या उलट. बाहेर हवा गार, त्यामुळं कॉम्प्रेसरला आराम; पण दार उघडलं की दमट हवा आत शिरते आणि फ्रीझरवर बर्फ होऊन बसते. बर्फ जाड झाला की तो गोधडीसारखा आड येतो. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा दाबायचं डीफ्रॉस्टचं बटण तेव्हा दर आठवड्याला दाबावं लागलं.

त्यातच मंगाईची जत्रा. जत्रेला वडगावात कुणाच्या घरी पाहुणे नाहीत असं होत नाही. मटणाचं पातेलं रात्री दहाला चुलीवरून उतरलं आणि वहिनी ते तसंच फ्रीजकडं नेऊ लागल्या. मी मधे उभा राहिलो. तीन लिटर रस्सा, साठ अंशांवर धरला तरी तो पाचवर आणायचा म्हणजे जवळजवळ सातशे किलोज्यूल उष्णता फ्रीजला उपसायला लागणार. तोच रस्सा आधी तीसवर आला तर निम्म्याहून जास्त काम बाहेरची हवा फुकटात करून टाकते. हे सगळं मी बोललो नाही. शेजारणीचा धडा ताजा होता. "परातीत पाणी घालून त्यात ठेवूया, लवकर गार होतंय," एवढंच म्हटलं. फार वेळ बाहेर ठेवणंही बरं नव्हे, दोन तासांच्या आत आत गेलेलं चांगलं. पंख्याखाली, परातीत, झाकण किलकिलं ठेवून ते पातेलं पाऊण तासात हाताला सोसेल इतकं निवालं. मांजरावर पहारा करायला पुतण्याला बसवलं होतं.

डिसेंबरात एका सकाळी कोथिंबीर काचेसारखी मोडली. दुधाच्या पिशवीत बर्फाचे खडे. फ्रीज बिघडला नव्हता, आम्हीच विसरलो होतो. उन्हाळ्यात पाचवर नेलेलं बटण तसंच राहिलेलं. एका दाराच्या अशा फ्रीजमध्ये थर्मोस्टॅटची नळी फ्रीझरला टेकलेली असते. ती फक्त फ्रीझरचं ऐकते. बाहेर कडक ऊन असताना खालच्या कप्प्यांत उष्णता झिरपत असते म्हणून भाज्या वाचतात. थंडीत झिरपणं कमी झालं की तोच फ्रीझर कोथिंबिरीलाही गोठवतो. बटणावर आकडा मोठा म्हणजे थंडी जास्त, हेही घरातल्या निम्म्या माणसांना उलटं वाटत होतं.

मिशिगनमधल्या मामेभावाला हे फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, आमच्याकडं थंडीत फ्रीझर वितळतो. मला वाटलं चेष्टा करायलाय. त्याचा जादा फ्रीज गॅरेजमध्ये, दोन दारांचा. त्याचा थर्मोस्टॅट खालच्या कप्प्यात. जानेवारीत गॅरेजच दोन-तीन अंशांवर येतं. खालचा कप्पा आपोआप थंड, म्हणून थर्मोस्टॅट कॉम्प्रेसरला उठवतच नाही, आणि वरच्या फ्रीझरमध्ये आईनं पाठवलेल्या पुरणाच्या पोळ्या मऊ पडतात. तिथं अशा फ्रीजसाठी छोटा हीटर मिळतो म्हणे, थर्मोस्टॅटला खोटा उन्हाळा दाखवायला. फ्रीज चालावा म्हणून त्याला ऊब द्यायची, हे ऐकून आई खूप हसली.

इरकलचं कव्हर आता शिलाई मशीनवर आहे. तिथं ते शोभतंही जास्त. आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या खाड्यांच्या खुणांमध्ये, आईनं पेन्सिलीनं तीन ठिकाणी लिहून ठेवलंय: होळीच्या चौकटीत 'फ्रीज ५', मृगाच्या दिवशी 'फ्रीज ३', आणि नरक चतुर्दशीच्या खाली, उटण्याच्या यादीशेजारी, 'फ्रीज २'.