कोपऱ्यातलं नाव

डोंबिवली स्टेशनचा जिना उतरले आणि जागीच थांबले. समोरच्या फ्लेक्सवर लेझीम पथकातल्या काकू होत्या. नऊवारी, घामानं ओघळलेलं कुंकू, डोक्यावर उंचावलेली लेझीम. फोटो माझा होता. शेजारी एका पुढाऱ्याचे आणि त्याच्या शुभेच्छुकांचे चेहरे चिकटवले होते, आणि खालच्या कोपऱ्यातलं माझं नाव कापलेलं होतं.

फोटो पाडव्याच्या स्वागतयात्रेतला. ही यात्रा १९९९ मध्ये डोंबिवलीत सुरू झाली आणि मग गावोगावी पसरली. त्या सकाळी फडके रोडवर कॅमेऱ्यांची दाटी असते. मी उजाडण्याआधीच गणेश मंदिराजवळ जागा धरली होती. पथक थांबलं तेव्हा काकूंना विचारलं. "काढ गं, नातवाला दाखवीन," त्या म्हणाल्या.

त्यांना फोटो चांगला मिळावा म्हणून पथकाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी कोपऱ्यात नाव घातलेली पूर्ण आकाराची फाइलच डॉक्युमेंट म्हणून टाकली. ६००० बाय ४००० पिक्सेल, भल्यामोठ्या फ्लेक्सलाही पुरणारी. तिथून ती हातोहात डिझाइनरकडे गेली. फाइलमध्ये माझं नाव, तारीख, कॅमेऱ्याचा तपशील, सगळं होतं. पण छापलेल्या फ्लेक्सवर ते कुठून दिसणार?

फ्लेक्स लावणाऱ्याला गाठलं. तो शांतपणे म्हणाला, "ताई, ग्रुपवर आला होता. ग्रुपवरचा म्हणजे सगळ्यांचाच ना?"

मी लॅपटॉप उघडून कॅमेऱ्यातली रॉ फाइल दाखवली, आधीचे-नंतरचे फोटोही ओळीनं दाखवले. तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशी फ्लेक्स उतरला.

कायदा माझ्या बाजूनं किती ठाम आहे, हे मला त्यानंतर वाचून कळलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो काढला की हक्क निर्माण होतो. नोंदणी सक्तीची नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं टिकतो. फाइलमधली मालकीची माहिती परवानगीशिवाय जाणूनबुजून काढून टाकणं हाही गुन्हा ठरला आहे. मात्र कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो ग्राहक असतो. लग्नाचे फोटो काढणाऱ्या माझ्या मित्रांना मी हे आवर्जून सांगते, कारण आपला हक्क कुठे संपतो तेही माहीत हवं.

आता सोशल मीडियावर टाकायचा फोटो मी १०८० पिक्सेलपर्यंत लहान करते. नाव कोपऱ्यात घालत नाही. चित्राच्या आतल्या भागात, पदराच्या काठाशी, फिकट पण वाचता येईल असं घालते. कापायचं तर फोटोच बिघडावा. रॉ फाइल दोन ठिकाणी जपते. अधूनमधून गूगल लेन्सवर माझेच फोटो शोधते. कुणी उचललेला दिसला तर आधी त्याला लिहिते, ऐकलं नाही तर फेसबुक-इन्स्टाग्रामकडे कॉपीराइटची तक्रार करते.

पण या सगळ्यापेक्षा मोठा धडा काकूंनी दिला. माफी मागायला त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांनी चहा ठेवला, पण चेहरा पडलेला होता. "सून विचारते, आई, कुठल्या पक्षात गेलात? सोसायटीतल्या बायका बघून हसतात. अगं, फोटो तू काढलास, पण तोंड माझं आहे ना?"

माझं नाव कापल्याचा राग मला तिथवर पुरला होता. त्यांच्यासमोर बसल्यावर उमगलं, की त्यांनी मला परवानगी नातवापुरती दिली होती आणि ती राखण्याची जबाबदारी माझी होती. फोटो जपायचा तो आपल्या नावासाठी, आणि ज्यानं विश्वासानं आपल्याकडे पाहिलं त्याच्यासाठीही.

पुढच्या पाडव्याला काकू पथकात दिसल्या. मी कॅमेरा हातात धरून थांबले.

"काढ," त्या म्हणाल्या, "पण कुठे जाणार ते आधी सांग."

मी सांगितलं. मग त्यांनी लेझीम उचलली.