मुरमाचा रस्ता

सायकलवर बसणाऱ्या माणसांचे दोन वर्ग आहेत. एकाला कुठेतरी पोचायचे असते. दुसऱ्याला कुठेही पोचण्याची घाई नसते. दूधवाले, पोस्टमन, शाळेला निघालेल्या मुली हा पहिला वर्ग. मी दुसऱ्या, निरुपयोगी वर्गातला. आमच्या या वर्गाने अलीकडे डांबरी रस्त्याशी काडीमोड घेतला आहे. शहरात सायकल चालवायची म्हणजे मागे हॉर्न आणि पुढे धूर! तेव्हा आम्ही खडीचे, मुरमाचे, मातीचे रस्ते शोधत हिंडतो.

जगात या छंदाला ‘ग्रॅव्हल’ असे भारदस्त नाव आहे. त्यासाठी खास सायकली मिळतात. त्यांचे टायर चाळीसएक मिलिमीटर रुंद असतात आणि त्यांत हवा जरा कमी ठेवतात. म्हणजे टायर खड्यावर आदळत नाही, खड्याला पोटात घेऊन पुढे जातो. याचे ज्यांना नवल वाटेल त्यांनी गावाकडच्या दूधवाल्याची काळी, अठ्ठावीस इंची सायकल पाहावी. तिचा टायर दीड इंच, म्हणजे जवळजवळ तेवढाच. त्या बिचाऱ्याला आपण ग्रॅव्हल करतो आहोत याचा पत्ता नव्हता, एवढेच.

असाच रस्ता शोधत गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी बीडजवळच्या कपिलधारला गेलो. बीडहून सोलापूरच्या रस्त्याने दक्षिणेला निघाले की बालाघाटाचा चढ लागतो. माथ्यावर मांजरसुंबा हे गाव आणि तिथून जवळच, डोंगराच्या कुशीत, कपिलधार. पावसाळ्यात इथे कड्यावरून पाण्याची धार कोसळते. ‘परमरहस्य’ हा ग्रंथ मराठीत लिहिणारे वीरशैव संत मन्मथस्वामी यांची समाधी इथे आहे. कार्तिकी पौर्णिमेला मराठवाड्यातून आणि कर्नाटकातून माणसे पायी येतात. मी यात्रेच्या आधी पोचलो होतो, त्यामुळे देवही निवांत होते.

दर्शन घेऊन मी मोठा रस्ता सोडला आणि नेकनूरच्या अंगाने माळावर शिरलो. दहा मिनिटांत हॉर्न ऐकू येईनासे झाले. मुरूम म्हणजे झिजून भुगा झालेला काळा पाषाणच. पावसाने दबला की त्याच्यावर चाक कसे सुरसुरत जाते! दोन्ही बाजूंना सीताफळांची झुडपे. बीडच्या सीताफळाला आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण माळावरच्या झुडपाला त्याचा गर्व दिसला नाही. पिवळ्या फुलांनी भरलेली तूर, वीतभर वाढलेली ज्वारी, मध्येच ओरडत उठणारी टिटवी. बालाघाटाची गंमत अशी की, एका उताराचे पाणी बिंदुसरेला जाते, दुसऱ्या उताराचे मांजरेला. दोघी अखेर गोदावरीलाच मिळतात. पण मांजरा त्यासाठी शेकडो मैलांचा वळसा घेते. मी मनात म्हटले, ही आपल्या वर्गातली नदी!

तासाभरात मला एकही वाहन भेटले नाही. इतका रिकामा रस्ता मिळाल्याने मी अगदी हरखून गेलो होतो. मग एक वस्ती लागली. पाच घरे, चारांना कुलूप. पाचव्याच्या ओट्यावर एक आजी सीताफळे निवडत बसल्या होत्या आणि दोन नातवंडे त्यांच्या पाठीमागून माझ्या हेल्मेटकडे पाहत होती.

“पेट्रोल परवडंना व्हय, बाबा?” आजींनी विचारले.

मी हसलो. पाणी मागितले, आणि बोलायचे म्हणून म्हणालो, “आजी, रस्ता फार छान आहे तुमचा.”

त्यांनी तांब्या पुढे केला. म्हणाल्या, “पावसाळ्यात ये एकदा.”

बाकीची मंडळी कुठे गेली, हे विचारायची गरजच नव्हती. लेक आणि सून कारखान्यावर गेली होती. दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’; हिशेबात माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. भांडीकुंडी, सरपण, तान्ही मुले सारे ट्रकवर चढते आणि पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उसाच्या फडाशेजारी पाल पडते. उन्हाळा लागेपर्यंत गावात म्हातारी माणसे आणि शाळेची पोरे. मला मिळालेली शांतता अशी होती.

आमच्या छंदाची काशी इटलीत आहे. तस्कनी प्रांतात, सिएना शहराभोवती, द्राक्षमळ्यांतून पांढऱ्या खडीचे रस्ते जातात. त्यांवर डांबर पडू नये म्हणून १९९७ साली गायोले या गावी जुन्या सायकलींची एक फेरी सुरू झाली आणि २००७ पासून तिथे मोठी शर्यतही होते. त्या रस्त्यांची छायाचित्रे पाहून कुणालाही मोह पडावा. पण तिथले मळे शतकानुशतके अर्धेलीने कसले जात होते. निम्मे पीक मालकाचे. दुसऱ्या महायुद्धानंतर कुळे हळूहळू कारखान्यांच्या शहरांकडे गेली. १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद झाले, तोवर कितीतरी घरे ओस पडली होती. पुढे ती परगावच्या हौशी लोकांनी घेतली. तिथल्या निवांत रस्त्याचे सौंदर्यही काही प्रमाणात निघून गेलेल्या माणसांचे देणे आहे.

आपल्या मुरमाच्या रस्त्यांची जन्मकथा याहून कडू आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात गावोगाव दुष्काळी कामे निघाली. बायामाणसांनी उन्हात खडी फोडली, माती वाहिली, सुकडी खाऊन दिवस काढले. त्या कामांतून तळी झाली, बांध झाले, असे कितीतरी रस्तेही झाले. पोटासाठी फोडलेल्या दगडावरून आपण पोट कमी करण्यासाठी सायकल चालवतो, हा विचार काही सुखाचा नाही.

माझे सायकलवाले मित्र म्हणतात, “असे रस्ते जपले पाहिजेत. एकदा डांबर पडले की संपले!” इटलीत ते ठीक असेल. तिथली कुळे गेली ती परतली नाहीत. रस्ता पाहुण्यांच्या हवाली झाला. इथली माणसे वैशाखात परत येतात. मग आषाढात मुरूम वाहून जातो, काळ्या मातीच्या पट्ट्यात बैलगाडीही रुतते, आणि बाळंतपणाला निघालेल्या बाईला जीपपर्यंत बाजेवर न्यावे लागते. आजींच्या तीन शब्दांत हे सारे होते. पाहुण्याला गंमत वाटते म्हणून यजमानाने चिखल तुडवावा, हा कुठला न्याय?

तेव्हा मी मित्रांच्या पक्षात नाही. त्या वस्तीपर्यंत चांगले डांबर पडावे, त्यावरून एस.टी. यावी आणि ती गच्च भरून यावी. शक्य झाले तर फडावर जाणाऱ्यांना गावातच काम मिळावे आणि त्या चार कुलपांना गंज चढायची वेळ येऊ नये. मग तिथे गर्दी होईल, हॉर्न वाजतील, आणि माझ्यासारख्या निरुपयोगी माणसाचा हिरमोड होईल. होऊ दे. बालाघाटात दगडांना तोटा नाही. मी दुसरी वाट शोधीन.