जुलैतले ऑर्लँडो आणि ऊन न सोसणारी माणसे

मध्य फ्लोरिडात ऑर्लँडोजवळ सुमारे १०० चौरस किलोमीटरच्या आवारात वॉल्ट डिस्ने वर्ल्ड वसलेले आहे. त्यातील मॅजिक किंगडम हे पहिले पार्क १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झाले. एपकॉट, हॉलीवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम ही तीन नंतर आली. अमेरिकेतील शाळांची मोठी सुट्टी जून ते ऑगस्टमध्ये असते. नातवंडांसोबत राहायला आलेले आजी-आजोबाही बहुधा तेव्हाच तिथे असतात. त्यामुळे अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांची डिस्नेची सहल वर्षातल्या सर्वांत उकाड्याच्या दिवसांत ठरते.

जुलैत ऑर्लँडोचे सरासरी कमाल तापमान ३३ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. हा आकडा विदर्भातल्या माणसाला किरकोळ वाटतो. प्रस्तुत लेखिकेच्या वडिलांचे बहुतेक आयुष्य नागपुरात गेले. “आपल्याकडे पंचेचाळीस असतं, तेहतिसाचं काय घेऊन बसलात,” असे ते विमानतळावरून बाहेर पडताना म्हणाले, आणि गाडी येईपर्यंत त्यांचा सदरा पाठीला चिकटला. नागपूरच्या मे महिन्यात हवा कोरडी असते, त्यामुळे घाम अंगावर ठरत नाही. तो उडून जाताना शरीराची उष्णता घेऊन जातो. वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर तिथे चालतो तो याच कारणाने. फ्लोरिडाच्या दोन्ही अंगांना समुद्र आहे आणि मधल्या भागात तळी व पाणथळ जमीन. तिथल्या हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम नुसता वाहतो, वाळत नाही. तोच कूलर ऑर्लँडोत काही कामाचा नाही. दमट हवेतले अडतीस अंशही किती घातक ठरतात, हे महाराष्ट्राने १६ एप्रिल २०२३ रोजी पाहिले आहे: खारघरच्या उघड्या मैदानावरील त्या दिवशीच्या कार्यक्रमात उष्माघात होऊन १४ जणांचा जीव गेला.

लेखिकेच्या या कौटुंबिक प्रवासातल्या तिघांना उष्णता सोसत नव्हती, आणि तिघांची कारणे वेगळी होती. वडिलांचे वय झालेले आणि रक्तदाबासाठी रोज पाण्याची गोळी. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते, त्वचेकडचा रक्तप्रवाह पूर्वीसारखा वाढत नाही. त्यात पाण्याची गोळी शरीरातील पाणी आणि मीठ बाहेर टाकत राहते. ॲलर्जीच्या काही जुन्या गोळ्या आणि लघवीवर ताबा राहावा म्हणून दिली जाणारी काही औषधे घामच कमी करतात. म्हणून निघण्यापूर्वी औषधांची यादी डॉक्टरांना दाखवून घ्यावी. स्वतःच्या मनाने कोणतीही गोळी बंद करू नये.

भाचा बाबागाडीत बसण्याच्या वयाचा. लहान मूल वजनाच्या मानाने बाहेरची उष्णता लवकर शोषते आणि ‘मला गरम होतंय’ हे वेळेवर सांगत नाही. ऊन लागू नये म्हणून बाबागाडीवर ओढणी किंवा पंचा टाकण्याची सवय फार दिसते. ती घातक आहे. कापडाने वारा बंद होतो आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा तापते. गाडीचे छत पुरेसे आहे. बाकी गाडीच सावलीत न्यावी.

सर्वांत नाजूक प्रकृती लेखिकेच्या धाकट्या बहिणीची. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस आहे. या आजारात मज्जातंतूंवरचे मायलिनचे आवरण जागोजागी खराब होते. तशा तंतूतून संदेश कसाबसा जात असतो आणि शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी तो अडखळू लागतो. नजर धूसर होते, पाय जड पडतात, बोलण्याचाही थकवा येतो. विल्हेल्म उटहॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये हे नोंदवले आणि त्याला आजही त्यांचेच नाव आहे. एमआरआय येण्यापूर्वी एमएसचे निदान करताना रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणे वाढतात का, हे पाहिले जाई. दिलासा देणारी बाब म्हणजे हा त्रास तात्पुरता असतो: शरीर थंड झाले की लक्षणे ओसरतात आणि उष्णतेने तंतूंना नवी इजा होत नाही. पण गर्दीच्या मध्यभागी पाय उचलेनासे होण्याची भीती खरी असते, आणि बरोबरच्यांनी ती मनापासून ओळखली पाहिजे.

अशा माणसासाठी व्हीलचेअर हे थंडाव्याचेही साधन आहे. चालताना स्नायू स्वतः उष्णता तयार करतात. ऊन टाळले तरी ती टळत नाही. पार्कच्या दाराशी खुर्ची भाड्याने मिळते. चालता येत असताना खुर्चीत बसायचे कसे, हा संकोच घरातल्यांनीच आधी सोडावा, म्हणजे बसणाऱ्यालाही तो सोडणे सोपे जाते. बहीण सकाळी चालली आणि अकरानंतर खुर्चीत बसली. म्हणूनच तिला संध्याकाळही पाहता आली.

सामानात गारवा देणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट होते. या पट्ट्या गोठवून जाकिटाच्या खिशांत ठेवतात. पार्कमध्ये सुटा बर्फ आणि काचेच्या बाटल्या नेता येत नाहीत, पुन्हा गोठवता येणाऱ्या बर्फाच्या पट्ट्या चालतात. घरचे खाणेही नेता येते. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि कोकम सरबताची बाटली तपासणीतून विनासायास आत गेली. जिथे यंत्रातून शीतपेये देतात, त्या उपाहारगृहांच्या खिडकीवर बर्फ घातलेले साधे पाणी फुकट मिळते, फक्त मागावे लागते. क्षारांची पुडी बरोबर असावी. मात्र हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर मीठ-पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. पाण्याचा फवारा मारणारे छोटे पंखे तिथे जागोजागी विकले जातात. दमट हवेत त्यांचा उपयोग थोडाच. त्यापेक्षा बर्फाच्या पाण्यात बुडवलेला सुती पंचा मानेवर आणि मनगटांवर ठेवावा: तो वाळण्यावर अवलंबून नसतो, स्पर्शानेच उष्णता खेचून घेतो.

मॅजिक किंगडमचा दिवस सकाळी लवकर सुरू करावा लागतो. डिस्नेच्या हॉटेलांत उतरलेल्यांना अर्धा तास आधी प्रवेश मिळतो, आणि उष्णता न सोसणाऱ्या कुटुंबासाठी तो अर्धा तास दुपारच्या दोन तासांच्या तोडीचा आहे. वाहनतळाकडून आलेल्यांना सरोवर ओलांडून जावे लागते. बोट आणि मोनोरेल दोन्ही आहेत, पैकी मोनोरेल वातानुकूलित आहे. सकाळच्या कोवळ्या उन्हात उघड्यावरचे सगळे उरकून घ्यावे. टुमॉरोलँड स्पीडवेच्या छोट्या मोटारी, मोठी मेरी-गो-राउंड, सिंड्रेलाच्या किल्ल्यासमोरचे फोटो याच वेळचे. भाच्याला आवडलेल्या उडत्या डम्बो हत्तींची रांग अपवाद ठरली: तिथे तंबूच्या आकाराच्या थंड खोलीत मुलांना खेळायला सोडतात आणि पाळी आली की बोलावतात.

अकरानंतर दिवसाची रीत बदलते. आता ‘कोणती राइड प्रसिद्ध’ हा प्रश्न मागे टाकून ‘कुठे बसायला मिळेल, गार असेल आणि वेळ जाईल’ हे पाहायचे. या कसोटीला कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस सर्वांत चांगले उतरते. १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी वॉल्ट डिस्ने यांनी ते करवून घेतले आणि १९७५ मध्ये ते फ्लोरिडात आले. मध्ये स्थिर रंगमंच, त्याभोवती प्रेक्षागृहच फिरते, आणि एका अमेरिकन घरात वीज, रेडिओ, दूरदर्शन कसे आले ते यांत्रिक बाहुल्या सांगतात. सुमारे वीस मिनिटे थंड अंधारात खुर्चीवर बसायला मिळते. गर्दीही सहसा नसते. तरुण मंडळी याला जुनाट म्हणून वगळतात. वडिलांना मात्र दिवसभरात तेच सर्वांत आवडले, कारण खेड्यातल्या घरात वीज आल्याचे त्यांनी स्वतः पाहिले होते.

तिथून जवळच पीपलमूव्हर आहे: उंचावरच्या मार्गावरून सावकाश फिरणारे उघडे डबे, वर छत आणि अंगाला वारा. हॉल ऑफ प्रेसिडेंट्स आणि मिकीज फिलहारमॅजिक या मोठ्या प्रेक्षागृहांत रांग लवकर आत घेतली जाते. हाँटेड मॅन्शन, इट्स अ स्मॉल वर्ल्ड आणि पायरेट्स ऑफ द कॅरिबियन या राइड आत थंड आहेत, पण त्यांच्या रांगेचा काही भाग बाहेर येतो; पाटीवरचा वेळ पाहून उन्हात किती उभे राहावे लागेल याचा अंदाज आधी घ्यावा.

रांगेचाच प्रश्न असा की अपंगत्वासाठीची रांग-सवलत आता मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक अडचणी असलेल्यांपुरती आहे. २०२४ मध्ये नियम तसे कडक झाले. उष्णता सोसत नाही एवढ्या कारणावर ती मिळेल असे धरून जाऊ नये. पैसे देऊन लायटनिंग लेन ही कमी थांबावे लागणारी वेगळी रांग घेता येते. एका मोठ्या माणसाने मुलाबरोबर थांबायचे आणि नंतर पुन्हा रांग न लावता दुसऱ्याने राइड घ्यायची, अशी रायडर स्विचची सोय विनामूल्य आहे.

मेन स्ट्रीटच्या टोकाला, क्रिस्टल पॅलेस उपाहारगृहाशेजारी प्रथमोपचार केंद्र आहे. तिथे परिचारिका असतात, आडवे व्हायला खाट मिळते आणि इन्सुलिनसारखी औषधे थंड ठेवायची सोय होते. दाराशी आल्यावर सर्वांत आधी ही जागा नकाशात पाहून ठेवावी. चक्कर, मळमळ, डोके ठणकणे, पायांत गोळे येणे ही लक्षणे दिसली की लगेच गार जागी न्यावे. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भाजू लागले, तर तो उष्माघात समजावा. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेलेले असू शकते. मदत बोलावत असतानाच अंग गार पाण्याने भिजवायला सुरुवात करावी, आणि शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये.

घामेजलेल्या अंगाने एसीत बसले की गरम-सर्द होते, असे मराठी घरांतली वडीलधारी मंडळी म्हणतात आणि त्या भीतीने उन्हातल्या बाकावरच बसून राहतात. हा आग्रह इथे धोक्याचा आहे. पिशवीत एक कोरडा सदरा आणि पातळ शाल ठेवली की त्यांची समजूत पटते आणि त्यांना आत नेता येते.

दुपारी एक ते पाच हे तास पार्कमध्ये काढूच नयेत. तिकीट दिवसभराचे असते, बाहेर जाऊन पुन्हा येता येते. याच वेळेत फ्लोरिडाचा वादळी पाऊस येतो: अटलांटिककडून आणि मेक्सिकोच्या आखाताकडून आलेले समुद्रवारे द्वीपकल्पाच्या मध्यावर भिडतात, तापलेली दमट हवा वर चढते आणि बघता बघता ढग गडगडू लागतात. वीज जवळ आली की बाहेरच्या राइड बंद होतात आणि आतल्या ठिकाणी माणसांची रेटारेटी होते. त्या वेळी हॉटेलच्या खोलीत पडदे ओढून झोपलेले बरे. पावसानंतर तापमान काही अंशांनी उतरते, सूर्यही कलतो. संध्याकाळी बहिणीचे पाय पुन्हा तिचे ऐकू लागले होते. रात्रीच्या आतषबाजीसाठी मेन स्ट्रीटवर माणसे तासभर खेटून उभी असतात आणि तिथे वाराही लागत नाही. सरोवरापलीकडच्या पॉलिनेशियन हॉटेलच्या किनाऱ्यावरून तीच आतषबाजी वाऱ्यात बसून दिसते.

एपकॉटची तऱ्हा वेगळी. द लँड या इमारतीत हरितगृहांतून जाणारी बोट आहे आणि जेवणाची मोठी थंड जागाही. शेजारच्या सीज दालनात सुमारे २ कोटी १५ लाख लिटरचे मत्स्यालय आहे. दुपार काढायला इतक्या निवांत जागा दुसऱ्या कोणत्याही पार्कात नाहीत. मात्र ११ देशांची दालने असलेला वर्ल्ड शोकेस हा तळ्याभोवतीचा सुमारे दोन किलोमीटरचा, बराचसा उघडा फेरा आहे. तो सूर्य कलल्यावरच करावा. वाटेत अमेरिकन दालनातील अर्ध्या तासाचा कार्यक्रम विसाव्याला उपयोगी पडतो.

ॲनिमल किंगडममध्ये झाडी दाट आहे. सावली मिळते, पण वारा अडतो आणि दमटपणा जास्त जाणवतो. बंदिस्त थंड जागाही कमी. सकाळी पार्क उघडताच सफारी करून दुपारपूर्वी बाहेर पडावे.

जानेवारीत ऑर्लँडोचे सरासरी कमाल तापमान २२ अंशांच्या आसपास असते आणि हवाही कोरडी असते. ज्यांना महिना निवडता येतो, त्यांनी घरातल्या अशा माणसासाठी मुलांची शाळा आठवडाभर बुडवावी आणि जुलै टाळावा.