सरांनी दिलेला इब्न खल्दून

सुलतान दुबळे निघाले म्हणून बहमनी राज्य बुडालं, एवढंच आमच्या पाठ्यपुस्तकात होतं. तेच पाठ करून मी बीए झाले असते. सरांनी होऊ दिलं नाही. त्यांनी कपाटातून ‘मुकद्दिमा’चा जाडजूड इंग्रजी अनुवाद काढून माझ्या हाती ठेवला. म्हणाले, “आधी हे वाच. मग बीदरला जाऊ.”

ट्युनिसमध्ये जन्मलेल्या इब्न खल्दूननं हा ग्रंथ १३७७ मध्ये लिहिला. त्याचं म्हणणं असं : हालअपेष्टा सोसलेला, एकमेकांसाठी जीव देणारा गट सत्ता मिळवतो. मग सुखं येतात. राजाला आपलेच भाऊबंद डोईजड होतात, त्यांना बाजूला सारून तो पगारी परके जवळ करतो. तीन पिढ्यांत, सुमारे १२० वर्षांत, मूळची एकजूट विरून जाते. दौलताबादच्या सरदारांनी तुघलकाविरुद्ध उठून बहमनी सत्ता उभी केली १३४७ मध्ये, म्हणजे याच माणसाच्या हयातीत. त्यानं दख्खन कधी पाहिलं नव्हतं.

बीदरला महमूद गावानच्या मदरशाच्या अंगणात बसून सरांनी मला सगळी मांडणी करायला लावली. दरबारात दोन तट : इथे रुजलेले दख्खनी आणि इराण-तुराणातून आलेले आफाकी. गावान आफाकी. वजीर झाल्यावर त्यानं चार तरफांचे, म्हणजे प्रांतांचे, आठ केले, प्रत्येक तरफदाराच्या ताब्यात एकच किल्ला ठेवला. दुखावलेल्यांनी त्याच्या शिक्क्याचं बनावट पत्र सुलतानापुढे नेलं. १४८१ मध्ये त्या वृद्ध वजिराची मान उडवली गेली. मग राज्य फुटत गेलं. १४९० मध्ये मलिक अहमद या सरदारानं अहमदनगरची सत्ता वेगळी थाटली. त्याच सुमारास विजापूर, वऱ्हाडही सुटले.

“पण सर, राज्य सांधायला झटला तो परकाच की! इथे इब्न खल्दून कमी पडतो,” मी म्हणाले. सर इतके खूश झालेले मी पाहिले नव्हते. “मग गावानची पत्रं वाच.”

ती ‘रियाज-उल-इन्शा’त, फारसीत. तो सगळा पावसाळा सरांनी मला अलिफ-बेपासून फारसी शिकवली. बाबा फीचं विचारायला गेले, तर त्यांना चहा पाजून परत पाठवलं. पुढे माझा प्रबंध, नोकरी, सगळं त्या फारसीवर उभं राहिलं.

आमचा वाद मात्र सरांच्या शेवटच्या आजारपणातही चालू होता. मी म्हणे, या चक्रात गावानसारख्याला जागाच नाही. ते म्हणत, “जागा आहे गं. पण तोवर त्याचं ऐकणारं कुणी उरलेलं नसतं.” मला ते अजून पटलेलं नाही.