माजघरातली तुळई



बँकेत ३७ वर्षं टेबलामागं बसलो, पण घरात स्वतःचं टेबल नव्हतं. २०१० साली निवृत्त झालो. त्यानंतर माझी बँक सुरू झाली ती टिळकवाडीतल्या आमच्या डायनिंग टेबलावर. नोव्हेंबर आला की शेजारच्यांचे हयातीचे दाखले, एप्रिलमध्ये १५-एच फॉर्म, मधल्या काळात कुणाचं केवायसी, कुणाचं नॉमिनेशन. साडेबारा वाजले की सौ. म्हणायची, "अहो, उचला आता तुमची बँक, पानं घ्यायचीत." एका पेन्शनर बाईंच्या पासबुकावर आमटीचा डाग पडला तेव्हा मलाच लाज वाटली.

लॉकडाऊनमध्ये पुण्याचा मुलगा इथं येऊन पाच महिने राहिला. त्यालाही लॅपटॉपला जागा नव्हती, शिलाई मशीनवर फळी टाकून बसायचा. जाताना म्हणाला, "बाबा, तुम्ही एक होम ऑफिस करून घ्याच." सूनबाईनं मोबाईलवर टेबलं दाखवली. त्यात एक 'रस्टिक' म्हणून होतं. फळ्यांना गाठी, चिरा, मधेच खिळ्याची भोकं, आणि किंमत २८ हजार. मी म्हटलं, अगं, असलं लाकूड आमच्या निपाणीच्या घरात डोक्यावर होतं आणि आम्ही ते फुकट देऊन आलो.

फुकट नव्हे, विकून आलो. ते पुढं सांगतो.

माझं बालपण निपाणीतलं. बाहेरच्या लोकांना निपाणी माहीत झाली ती १९८१ च्या तंबाखू आंदोलनामुळं. आम्हाला ती वासानं माहीत. हंगामात एस.टी.तून उतरलं की आधी शिंक, मग गाव. बाबा एका तंबाखू व्यापाऱ्याच्या पेढीवर दिवाणजी होते. गादीवर मांडी घालून बसायचं आणि पुढ्यात उतरत्या झाकणाचं बुटकं डेस्क. त्यावर रोजमेळ, खतावणी आणि एक्साईजची पुस्तकं. शाळा सुटली की मी वखारीत जायचो. बोदांच्या थप्प्यांमधून वाट काढत पेढीवर पोचलं की बाबा डेस्कचं झाकण उचलून आतला खडीसाखरेचा खडा द्यायचे. मला वाटायचं डेस्क बाबांचं आहे. ते निवृत्त झाले त्या दिवशी हातात फक्त चष्म्याची डबी आणि टाक घेऊन आले, तेव्हा कळलं की डेस्क पेढीचं होतं. घरी ते पाट मांडीवर घेऊन लिहायचे.

घर मात्र त्यांचं स्वतःचं होतं, पैसा पैसा साठवून घेतलेलं. कौलारू, मातीच्या भिंती, दोन खण आणि मागं परसू. बाबा १९९१ ला गेले, आई २००६ ला. २०११ साली आम्ही भावांनी घर विकलं. घेणाऱ्यानं दहा-अकरा वर्षं त्याचं गोडाऊन केलं आणि २०२२ च्या उन्हाळ्यात पाडायला काढलं. जुन्या शेजाऱ्याच्या मुलाचा फोन आला, "काका, घर उतरवायलेत. काही पाहिजे असलं तर या."

गेलो. कौलं उतरली होती, वासे एका बाजूला रचले होते. माजघराची तुळई अजून भिंतीवर होती. लाकूड घेणारा माणूस टेप लावून उभा होता. बारा फूट लांब, सात इंच उंच, सहा इंच रुंद, म्हणजे साडेतीन घनफूट. आपल्याच घराची तुळई मी हजार रुपये घनफुटानं, घासाघीस न करता घेतली. देवघराची सागवानी चौकट बाराशेला. तुळई टेम्पोत चढवायला चार माणसं लागली.

बेळगावला आमच्या ओळखीचे एक मेस्त्री आहेत, पिढीजात सुतार. घरात कानडी बोलतात, गिऱ्हाइकाशी मराठी. त्यांनी तुळईवर पटाशीनं एक कपचा काढला, वास घेतला आणि म्हणाले, "सायेब, मत्ती आहे की ही. दगड म्हणजे दगड." मी म्हटलं, आमचे बाबा हिला ऐन म्हणायचे. "तेच की ओ. तुमचा ऐन तो आमचा मत्ती." आपल्या भागात झाडांनाही दोन-दोन नावं. बिबळ्याला होन्ने, नाण्याला नंदी. झाड एकच, नाव घेणारा कुठल्या घरात जन्मला एवढाच फरक.

ज्यांना असं काही करून घ्यायचं आहे त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहितो. जुन्या लाकडात खिळे तुटून आत राहिलेले असतात. सॉ मिलवाल्याच्या पात्याला एक खिळा लागला तरी पातं जातं, म्हणून आधी लोहचुंबक फिरवून सगळे काढावे लागतात. आमच्या तुळईतून एकोणीस निघाले. भिंतीत बसलेलं टोक वाळवीनं खाल्लं होतं, ते दीड फूट कापून टाकलं. बाकीच्याच्या सव्वा इंची पाच फळ्या निघाल्या. चार फळ्या जोडून वरचा पाट केला, साडेचार फूट लांब आणि बावीस इंच रुंद. उरलेल्यातून आडव्या पट्ट्या आणि एक खण. पाय चौकटीच्या सागाचे. पायांना भोकं पाडून पट्ट्यांची टोकं आत बसवली आणि लाकडी खुंट्या मारल्या, स्क्रू फक्त खणाला. उंचीसाठी मेस्त्रींनी मला खुर्चीत बसवलं, कोपर काटकोनात धरायला लावलं आणि जमिनीपासून माप घेतलं. साडेअठ्ठावीस इंच भरलं. "बाजारचं टेबल तीसचं असतंय. म्हणून तुमचा खांदा दुखतोय," म्हणाले. पॉलिश केलं नाही. जवसाचं तेल तीन वेळा दिलं, दोन हातांच्या मध्ये दोन-दोन दिवस वाळवून.

कॉमर्सचा माणूस आहे, हिशेब दिल्याशिवाय राहवत नाही. तुळई ३५००, चौकट १२००, सॉ मिल ६००, मेस्त्रींची सात दिवसांची मजुरी ६३००, तेल, कुलूप वगैरे ४००. एकूण बारा हजार.

काम चालू असताना मेस्त्रींनी एक प्रश्न विचारला. तुळईच्या खालच्या बाजूला अडीच फुटांच्या अंतरानं दोन लोखंडी कड्या होत्या. त्या काढल्यावर एका फळीला अंगठा जाईल एवढी दोन भोकं राहिली. लोखंडामुळं भोवतीचं लाकूड काळंभोर झालं होतं. "भुसा आणि फेविकॉल घालून बुजवतो, कळणार पण नाही," म्हणाले. मी म्हटलं, राहू दे.

त्या कड्या पाळण्याच्या. आम्ही तिन्ही भावंडं त्याच पाळण्यात वाढलो. अक्का सगळ्यांत थोरली, माझ्याहून सहा वर्षांनी. मग मी, मग धाकटा. सातवीनंतर अक्काची शाळा थांबली. मी पुढं देवचंद कॉलेजला बी.कॉम. झालो. निपाणीकरांना गंमत माहीत आहे, राहायचं कर्नाटकात आणि कॉलेजला जायचं अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रात. धाकटा इंजिनिअर झाला. अक्का लग्न होऊन गडहिंग्लजला गेली.

खंडेनवमीला टेबलाची पूजा केली आणि दिवाळीत भाऊबिजेला अक्का आली. वय अठ्ठ्याहत्तर, कमरेत वाकलेली, पण नजर शाबूत. टेबल बघून आधी काही बोलली नाही. तेलानं गुळगुळीत झालेल्या पाटावरून हात फिरवत फिरवत त्या भोकापाशी आली आणि बोट आत घातलं.

"ही कडी ना रे बाळू?"

"होय."

"इथं दोरी बांधायची आणि ओढायची. मांडीवर माझं पुस्तक. तू झोपलास तर माझं गणित व्हायचं. तू कुठला झोपायला!" हसली. खुर्चीत टेकली. मग अगदी सहज, भाजीचा भाव विचारावा तसं म्हणाली, "त्या कागदावर काय लिहिलं होतं रे? घर विकताना सही घेतलीस तो. कानडी होता, म्हणून विचारते."

अकरा वर्षांनी विचारलं.

आता जे फुकट नव्हे असं म्हणालो होतो ते. २०११ साली चिक्कोडीला रजिस्ट्रार कचेरीत अक्काला मीच घेऊन गेलो होतो. कागद होता 'हक्कु बिडुगडे पत्र', म्हणजे आपलं हक्कसोड पत्र. अक्का शाळेत गेली तेव्हा निपाणी मुंबई राज्यात होती. तिला कानडीचं एक अक्षर येत नाही. मी बँकेत लागल्यावर शिकलो, गदग-विजापूरला काढली तेव्हा तर अस्खलित झालं. तिनं विचारलं होतं, "काय आहे हे?" आणि मी सांगितलं होतं, "काही नाही अक्का, घर विकायला तुझी सही लागते." तिनं सही केली, मराठीत, सावकाश. परतताना मी तिला एक इरकल साडी घेतली.

मला कायदा माहीत नव्हता असं नाही. बाबांची स्वकष्टाची मिळकत, मृत्युपत्र नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच मुलीचा हिस्सा मुलाइतकाच. राहत्या घराची वाटणी मुलीला मागता येत नव्हती, ती अट २००५ च्या दुरुस्तीनं गेली होती. बँकेत मयत खातेदाराचे पैसे देताना मी एकेका वारसाची सही असल्याशिवाय फाईल पुढं सोडली नाही. 'वाचल्याशिवाय सही करू नका' हे वाक्य मी हजार वेळा बोललो असेन. विक्रीखतावर तिघांच्या सह्या घेता आल्या असत्या, पण मग पैशांचे तीन वाटे झाले असते.

आपल्याला कानडी नोटीस आली की आपण चिडतो. मराठीत परिपत्रक द्या म्हणून मीही मोर्चात चाललोय. त्याबद्दल पश्चात्ताप नाही. पण माझ्या सख्ख्या बहिणीला न समजणाऱ्या भाषेतला कागद कुणा सरकारनं नव्हे, मी पुढं केला होता.

कागदाची झेरॉक्स माझ्याकडं होती. नव्या टेबलाच्या खणात पहिली फाईल ठेवली होती ती निपाणीच्या घराचीच. काढली. एकेक ओळ कानडी वाचत गेलो आणि मराठीत सांगत गेलो. 'राजीखुशीनं', 'कोणत्याही दबावाशिवाय', 'यापुढं माझा किंवा माझ्या वारसांचा काहीही संबंध नाही'. अक्का ऐकत होती.

"म्हणजे घर माझं पण होतं?"

"तिसरा हिस्सा."

बराच वेळ पाटाकडं बघत बसली. मग म्हणाली, "बरं. चहा तरी टाका आता."

रागावली असती तर सोपं गेलं असतं.

ती गेल्यावर मी त्या टेबलावर पहिला हिशेब मांडला. घर १८ लाखांना गेलं. आम्ही भावांनी ९-९ घेतले. अक्काचे व्हायला हवे होते ६, त्यातले माझ्याकडचे ३. आठ टक्क्यांनी अकरा वर्षांचं सरळ व्याज २ लाख ६४ हजार. धाकट्याला फोन केला. "आता कशाला उकरून काढतोस?" म्हणाला. त्याचं त्याच्यापाशी. सौ.ला विचारलं. ती म्हणाली, "मला वाटलं होतं कधी विचारणारच नाही." एक एफ.डी. मोडली. व्याज खरं तर चक्रवाढ धरायला हवं होतं, तिथं हात आखडला, तेही कबूल करतो.

५ लाख ६४ हजारांचा चेक घेऊन गडहिंग्लजला गेलो. खरं सांगू? मनात कुठंतरी वाटत होतं की अक्का म्हणेल, "नको रे बाळू, तू विचारलंस यातच आलं," आणि आम्ही दोघं रडू आणि मी चेक परत घेऊन येईन. अक्कानं चष्मा लावला. अंकातली रक्कम वाचली, अक्षरी रक्कम वाचली, तारीख बघितली. घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवला आणि म्हणाली, "बरं झालं. मागची खोली दर पावसाळ्यात गळते. कौलं काढून स्लॅब टाकते."

मी दरवर्षी जात होतो त्या घरी. पुढच्या खोलीत बसून चहा पिऊन येत होतो. मागची खोली गळते हे मला माहीत नव्हतं.

आता मी चौऱ्याहत्तरचा आहे. टेबल खिडकीशी आहे. एका भोकातून लॅपटॉपची वायर खाली जाते, दुसरं तसंच आहे. लोक अजून येतात. ग्रामपंचायतीची नोटीस, महापालिकेचा कागद, सोसायटीचं पत्र, बहुतेक कानडीत. कुणी म्हणतं, "काका, सही कुठं करू तेवढं सांगा." मी म्हणतो, बसा. आधी शेवटपर्यंत वाचून दाखवतो. वेळ लागतो. काही जण कंटाळतात, पण वाचल्याशिवाय मी पेन देत नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या घरात असा एखादा कागद असेल, बहिणीची सही असलेला, तर एकदा बाहेर काढा. आणि तिला वाचून दाखवा.